बारनिशीतले बापू

माझ्या पहिल्याच अर्जावर बापूंनी लाल शाईनं पाच त्रुटी काढल्या होत्या. मला बसायला एक खुर्ची मिळावी, एवढ्यासाठीच तो अर्ज होता. समास सोडलेला नाही. विषय ठळक नाही. 'कृपया' दोनदा आलं आहे, एकदा पुरे. खुर्ची हाताची की बिनहाताची याचा उल्लेख नाही. आणि पाचवी त्रुटी: अर्जदार सध्या उभी आहे की बसलेली, याचा बोध होत नाही.

"उभी आहे," मी म्हटलं. "दिसत नाहीये का तुम्हाला?"

"मला दिसतंय की. कागदाला दिसाया नको व्हय?"

असं म्हणून त्यांनी स्वतःची खुर्ची उचलून माझ्यापुढे ठेवली आणि मी अर्ज पुन्हा लिहून काढेपर्यंत स्वतः उभे राहिले. मला राग यायला हवा होता. आलाही होता. पण स्वतःच्या खुर्चीवर आपल्याला बसवून आपल्याच चुका दाखवणाऱ्या माणसावर नीटसं रागावता येत नाही.

पोलीस ठाण्यात बारनिशी नावाचं एक टेबल असतं. बाहेरून येणारा प्रत्येक कागद आधी त्या टेबलावर येतो, त्याला क्रमांक पडतो, शिक्का बसतो, मगच तो आत जातो. आमच्या ठाण्यात त्या टेबलावर बापू होते. हुद्द्यानं सहायक फौजदार, वयानं निवृत्तीला टेकलेले, मूळचे पाचोडचे, राहायला पडेगावला. गावाकडची मोसंबीची बाग भाऊ बघायचा. हंगामात बापू पिशवी भरून मोसंबी आणायचे आणि टेबलावरच्या प्रत्येक गठ्ठ्यावर एकेक ठेवायचे, म्हणजे कूलरच्या वाऱ्यानं कागद उडत नसत. गठ्ठा ज्याच्याकडे जाईल त्याला वरचं मोसंबं मिळायचं. त्यामुळे आमच्या ठाण्यात काम टाळणारे लोकसुद्धा हंगामापुरते कागद मागून न्यायचे.

मी तिथे कशी पोचले ते सांगते. मानसशास्त्र शिकून बाहेर पडले आणि शहरातल्या पोलिसांसाठी कंत्राटी समुपदेशक म्हणून मला नेमलं. आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी. आजोबा तहसिलीत, वडील बँकेत, त्यामुळे कागद म्हणजे काय हे आपल्याला कळतं, असा माझा समज होता. जप्त केलेला माल ठेवायची एक जुनी खोली रिकामी करून मला दिली आणि दारावर पाटी लावली: ताणतणाव निवारण कक्ष. त्या पाटीनं एकच काम चोख केलं. ज्या बोळातून दिवसभर माणसांची ये-जा असायची, तो बोळ ओस पडला. लोक वळसा घालून मागच्या दारानं जायला लागले. कुणी रडलंच तर असू दे म्हणून मी मऊ कागदी रुमालांचा डबा आणून ठेवला होता. तो साहेबांच्या ड्रायव्हरनं जीपची काच पुसायला नेला. पहिल्या महिन्यात माझ्याकडे फक्त एक शिपाई आला. त्याला मोबाईल चार्जिंगला लावायचा होता.

ते का येत नाहीत हे मला कळत नव्हतं असं नाही. त्या खोलीत गेला म्हणजे याचं डोकं फिरलं, असं दुसऱ्या दिवशी हजेरीत सगळ्यांच्या तोंडी होणार. मग हत्यार काढून घेतील, बढती अडेल, घरी बायकोला कळेल. हे सगळं मला पुस्तकातूनही माहीत होतं. माहीत असून करायचं काय, ते पुस्तकात नव्हतं.

महिना संपल्यावर मी अहवाल लिहून बारनिशीत नेला. लाभार्थी: शून्य. बापूंनी कानावरची लाल पेन काढली.

"शून्य नका लिहू मॅडम. निरंक लिहा."

"फरक काय?"

"शून्य लिहिलं की वाटतं दुकान बंद पडलं. निरंक लिहिलं की वाटतं, या महिन्याला आलेलं नाय, पुढच्याला यील."

भाषेच्या बाबतीत हे साफ चूक आहे हे मला माहीत होतं. तरी मी निरंक लिहिलं आणि खरंच जरा बरं वाटलं.

बापूंची बोलायची रीत सगळी पंचनाम्याची होती. तीस वर्षं तीच भाषा लिहून ती त्यांच्या जिभेत मुरली होती. डबा उघडला की ते जाहीर करायचे, "डब्यात शेवग्याच्या शेंगा मिळून आल्या." पहिला घास घेतला की, "चव घेतली असता मीठ मिळून आलं नाय." थोरल्या मुलीला स्थळ बघून आले आणि घरी तिला वर्णन सांगायला बसले: अंगानं सडपातळ, रंग सावळा, नाक सरळ, डाव्या भुवईवर जुना व्रण, मराठी व हिंदी बोलतो. मुलगी म्हणाली, "बाबा, हे स्थळ हाय का फरार आरोपी?" लग्न त्याच मुलाशी झालं. "जावई दर दिवाळीला मिळून येतो," असं बापू मोठ्या अभिमानानं सांगत.

आणि त्रुटी काढायला त्यांना माणूस वर्ज्य नव्हता. आमच्या साहेबांनी, म्हणजे ठाण्याच्या निरीक्षकांनी, एकदा तीन दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. मुलीची दहावीची परीक्षा होती. बापूंनी तो लाल करून परत पाठवला: परीक्षा तीन आठवडे चालते, रजा तीन दिवसांची मागितली आहे, मेळ बसत नाही. साहेब तणतणत बाहेर आले. "बापू, बंदोबस्त कोण बघणार? तुम्ही?" बापू म्हणाले, "बंदोबस्त दरसाल येतो साहेब, दहावी येकदाच." साहेब आत गेले. दुसऱ्या दिवशी नवा अर्ज आला, सात दिवसांचा. बापूंनी तडजोड म्हणून तो स्वीकारला.

सुरुवातीला मला वाटायचं की हा माणूस म्हणजे नुसता लाल फितीचा नमुना. पुढे लक्षात आलं, ते सगळ्यांच्याच कागदांत त्रुटी काढत नाहीत. दवाखान्याचं बिल, आईचं आजारपण, मुलाचा शाळेचा दाखला, असले कागद त्यांच्या हाताखालून डोळा लवायच्या आत निघून जायचे. ते अडवायचे रागात लिहिलेले कागद. वरिष्ठाची तक्रार, बदलीची मागणी, राजीनामा. पहिल्या खेपेला समास. दुसऱ्या खेपेला तारीख. तिसऱ्या खेपेला भाषा. तोवर आठवडा जायचा आणि निम्मे लोक चौथ्या खेपेला यायचेच नाहीत. "हिरवी कैरी बरणीत घातली की लगेच खाता येती का?" ते विचारायचे. "कागद मुरू द्यावा."

एकदा दुपारी ते माझ्या खोलीत डोकावले. मोबाईल चार्जिंगचं काम नसताना पाटीखालून सरळ आत येणारे ते पहिले पोलीस.

"तुमी इचारता काय मॅडम, आमच्या लोकांला?"

"विचारते की, कसं वाटतंय."

बापू इतके हसले की त्यांना चष्मा काढून ठेवावा लागला. "आवो, पोलिसाला कसं वाटतंय इचारल्यावर तो काय सांगन? बरं वाटतंय म्हनन, सलाम करन आन् जाईन. पोलीस बोलत नाय मॅडम. पोलीस जबाब देतो, नायतर घेतो. तिसरं त्याला शिकवलंच नाय." मग चष्मा पुसता पुसता म्हणाले, "समद्या शहराचे जबाब आमी घेतले. कुनाचं पोर गेलं, कुनाचं घर जळलं. आमचा कुनी घेतला नाय."

हे ते अगदी सहज म्हणाले आणि शेंगा खायला निघून गेले. दोन वर्षं शिकून जे माझ्या हातात आलं नव्हतं, ते त्यांनी दारात उभं राहून दिलं होतं. पण ते वापरायचं कसं, हे कळायला सोनवणे यावा लागला.

सोनवणे एकशेबाराच्या गाडीवर होता. त्या नंबरवर कुणीही फोन केला की जी गाडी सगळ्यात आधी धावते, ती. सहा फुटांच्या वर उंची, कबड्डीत पोलिसांच्या संघाचा भरवशाचा गडी, हसला की दोन खोल्यांपलीकडे कळायचं. (हे सगळं लिहायला त्यानं होकार दिलाय. उंची कमी सांगायची नाही, एवढीच अट घातली.) तर हा सोनवणे दोनेक महिने हसलाच नव्हता. आणि एक दिवस त्यानं बापूंच्या टेबलावर राजीनामा ठेवला. वैयक्तिक कारणास्तव नोकरी सोडत आहे, मंजुरी मिळावी. दोन ओळी.

पहिली त्रुटी, समास नाही. सोनवणेनं समास सोडून आणला. दुसरी त्रुटी, टंकलिखित चालणार नाही, स्वतःच्या अक्षरात हवा. त्यानं हातानं लिहून आणला. तिसरी त्रुटी बापूंनी अर्धा तास विचार करून लिहिली: वैयक्तिक कारण म्हणजे काय, याचा सविस्तर खुलासा व्हावा.

यावर सोनवणेनं टेबलावर मूठ आपटली. मोसंबी उड्या मारत खाली पडली, एक तर माझ्या दारापर्यंत घरंगळत आलं.

"बापू, सही करून आत पाठवा ना! कशाला छळता? मला नाय येत लिहिता. दोन रात्री बसलो, नाय जमत."

बापू सावकाश उठले. खाली वाकून एकेक मोसंबं गोळा केलं. मग सोनवणेचं मनगट धरलं, चोराला धरतात तसं नव्हे, जत्रेत पोराला धरतात तसं, आणि त्याला ओढत माझ्या दाराशी घेऊन आले. पाटीसमोर उभं राहून ते ठाण्यातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले.

"मॅडम! जबाब नोंदवायचाय!"

एवढं करून त्यांनी सोनवणेला आत ढकललं, दार ओढून घेतलं आणि बाहेर स्टूल टाकून बसले. कुणी विचारलं तर आतून मला त्यांचं उत्तर ऐकू येत होतं: "जबाब चालू हाय. घंट्याभरानं या." जबाब म्हटल्यावर कुणाला काही वाटलं नाही. ठाण्यात जबाब चालूच असतात.

माझ्याकडे कोरे कागद होते. मी समास सोडला. आणि माझ्या सगळ्या शिक्षणाला बाजूला सारून म्हटलं, "नाव, वय, राहणार."

सोनवणेची पाठ आपोआप ताठ झाली. तो सांगायला लागला आणि मी लिहायला लागले. समक्ष विचारल्यावरून जबाब लिहून देतो की, मी वरील पत्त्यावर आई, पत्नी व चार वर्षांच्या मुलीसह राहतो. सदर दिवशी माझी दिवसपाळी होती. चिकलठाण्याच्या पुढे जालना रोडवर अपघात झाल्याचा कॉल मिळाल्यानं आम्ही तात्काळ रवाना झालो. दीड पानभर एकही भावना नव्हती. टेम्पोची दिशा होती, मोटारसायकलचा रंग होता, रस्त्यावर पडलेल्या काचा होत्या. मोटारसायकलवरचा बाप बाजूला पडला होता आणि शुद्धीवर होता. त्याची सात-आठ वर्षांची मुलगी मोटारसायकलखाली अडकली होती. पेट्रोल गळत होतं. म्हणून अँब्युलन्सची वाट न बघता सोनवणेनं एका हातानं गाडी उचलली आणि दुसऱ्या हातानं मुलीला ओढून काढून कवेत घेतलं.

तिथे तो थांबला. मी कागदावरून पेन उचलली नाही.

"गर्दीतला एक इसम बोलला," तो म्हणाला, अजूनही जबाबाच्याच सुरात, "की असं उचलतात का? पोरीचा मणका गेला आता. याच्यानं तर मेलीच ती."

"मग?"

"मग अँब्युलन्स आली. तिला नेलं. आम्हाला दुसरा कॉल आला. आम्ही रवाना झालो." त्यानं दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवले. "सदर घटनेपासून मी घरी माझ्या मुलीला उचललेलं नाही."

मी ते जसंच्या तसं लिहिलं. 'सदर' सुद्धा. एवढा आडदांड माणूस स्वतःच्या दोन्ही हातांकडे असा बघत होता की ते दुसऱ्याच कुणाचे तरी आहेत. मला रडू आलं, हे मी लपवत नाही. डबा तर जीपमध्ये गेलेला, मग ओढणीनंच काम भागवलं.

जबाब झाला की तो वाचून दाखवायचा असतो, असा नियम. मी वाचला. त्यानं ऐकला, बरोबर आहे म्हणाला, सही केली. मग दाराकडे बोट करून म्हणाला, "त्यांला पन वाचून दाखवा. नायतर परत त्रुटी काढतील."

बापू आत आले आणि उभ्यानंच ऐकलं. संपल्यावर सवयीनं त्यांचा हात कानाकडे गेला.

"त्रुटी हाय," ते म्हणाले. "पोरीचं पुढं काय झालं, त्याचा उल्लेख नाय."

"मेली असंल," सोनवणे म्हणाला. "नायतर लुळी झाली असंल. मी कुनाला इचारू? कोन्त्या तोंडानं?"

बापूंनी कानाकडचा हात खाली घेतला. मग म्हणाले, "मेली असती तर कागद आला असता."

आणि ते जवळजवळ पळत बाहेर गेले. या वयाच्या आणि या पोटाच्या माणसाला मी तसं पळताना कधी बघितलं नव्हतं. आवक नोंदवही उघडून त्यांनी अपघाताच्या तारखेपासून बोट खाली आणलं, पान उलटलं, पुन्हा बोट. दवाखान्यातून येणारा मृत्यूचा एकही कागद त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय आत जात नसे, आणि त्या पोरीच्या नावाचा तसा कागद नव्हता. पण दुसरा एक होता. ते तपास करणाऱ्या अंमलदाराच्या कपाटातून ती फाईल घेऊन आले. दवाखान्यानं पाठवलेला जखमेचा दाखला. त्यांनी मोठ्यानं वाचला. उजव्या मांडीचं हाड मोडलं आहे. मुका मार. पाठीच्या कण्याला इजा: नाही.

शेवटचा शब्द त्यांनी पुन्हा वाचला. मग दाखल्याच्या कोपऱ्यातल्या आवक शिक्क्याकडे बघत राहिले. शिक्का त्यांचाच होता. खाली त्यांचीच सही.

"ह्यो कागद दोन महिने झाले माझ्या हातानं आत गेला," ते म्हणाले. "म्या क्रमांक टाकला. मोसंबं ठेवलं वर. पन ह्यो कुनाला दाखवाया पायजे, हे मला सुचलं नाय रे पोरा. तू माझ्या समोरून रोज जात व्हता."

त्यांनी लाल पेन सोनवणेच्या हातात दिली आणि दाखला त्याच्यापुढे केला. "काढ. माझी त्रुटी काढ."

सोनवणेनं पेन घेतली नाही. तो दाखला दोन्ही हातांत धरून परत परत वाचत होता. शेवटी त्यानं मान हलवली. "कागदावर काय बी असतं बापू. आपनच लिहितो की." आयुष्यभर कागदावर जगलेल्या बापूंना हे कुणी दुसऱ्यानं ऐकवलं असतं तर त्याची धडगत नव्हती. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "मंग बघून यिऊ."

बघायला गेलो तो दिवस शेवटी सांगते. त्याआधी त्या त्रुटीनं बापूंचं काय केलं ते सांगायला हवं, कारण तिची पूर्तता ते निवृत्तीपर्यंत करत होते. दुसऱ्याच दिवसापासून दवाखान्यातून जखमीचा कागद आला की बापू आधी शोधायचे, या माणसापर्यंत पहिलं कोण पोचलं होतं. आणि सकाळच्या हजेरीत, साहेबांच्या सूचना संपल्या की, खणखणीत आवाजात सांगायचे: "चिकलठाण्याच्या वळणावरचा म्हातारा काल घरी गेला. चहा प्यायला. गायकवाड, तुझा म्हातारा." किंवा, "विहिरीतली बाई शुद्धीवर आली आन् नवऱ्याला शिव्या द्यायली. शेख, तुझी बाई." वाईट बातमी असेल तर ती हजेरीत नाही, माझ्या खोलीत, एकट्याला, मोसंबं सोलून हातात देऊन सांगायचे. पूर्वी हे कुणालाच कळत नसे. माणूस अँब्युलन्समध्ये घातला की आपल्यापुरता तो अर्धवटच राहायचा, आणि असे शंभर अर्धवट लोक घेऊन ही मंडळी घरी जेवायला बसायची.

मग माझ्याकडे रांग लागायला लागली. कुणीही 'मला बोलायचंय' म्हणून आलं नाही. दारातून डोकं आत घालून विचारायचे, "मॅडम, जबाब घेता का? छोटाच हाय." शेजारच्या अग्निशमन केंद्रातला एक जवान आला, मग त्यानं आणखी दोघांना आणलं. "आमी पोलीस नाय, पन आमचा चालन का?" बापूंनी परवानगी दिली, समासाच्या अटीवर. दारावरची पाटी त्यांनी स्वतः उतरवली, तिच्या मागच्या बाजूला रंगानं 'जबाब' एवढंच लिहिलं आणि उलटी टांगली. ते जबाब कुठल्याही नोंदवहीत गेले नाहीत. माझ्या कपाटात कुलपात आहेत, आणि त्यांवर बापूंनी कधी क्रमांक मागितला नाही. एवढी एकच गोष्ट त्यांनी आयुष्यात क्रमांकाविना सोडली.

ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या निवृत्तीच्या आदेशात गाव पाचोडऐवजी पाचोरा पडलं होतं. त्यांनी भर निरोप समारंभात तो आदेश लाल करून साहेबांना परत दिला. साहेब म्हणाले, "बापू, आता तरी सोडा." बापू म्हणाले, "मी जातो, पन पाचोरेवाल्याला माझी पेन्शन कामून?" सोनवणे तेव्हा दोन खोल्यांपलीकडे ऐकू जाईल असा हसला होता.

आता तो दिवस. मुलीचं घर पाचोडजवळच्या एका वस्तीवर होतं. बापूंच्या भावानं चौकशी करून कळवलं की आई दर आठवडी बाजाराला पाचोडात कोथिंबीर घेऊन बसते, पोरगी बरोबर असते. आम्ही तिघं साप्ताहिक सुटी जुळवून एसटीनं निघालो. सोनवणे खिडकीशी बसला. त्याचा राजीनामा बापूंच्या पिशवीत होता. "तिथं बघितल्यावर तुला द्यायचा आसंल तर तिथंच दे, मी घिईन," असं त्यांनी त्याला सांगितलं होतं. "समास चांगला सुटलाय आता."

बाजार भरात होता. भावानं लांबूनच दाखवलं. पोत्यावर एक मुलगी कोथिंबिरीच्या जुड्या एकावर एक रचत होती. बाप शेजारीच होता. त्यानं सोनवणेला ओळखलं आणि उठून त्याचे दोन्ही हात धरले. आई पदर सावरून म्हणाली, "तुमी तव्हा काढलं नसतं तर..." सोनवणे त्यांच्या कुणाकडे बघतच नव्हता. तो मुलीकडे बघत होता. ती उठली. उजव्या पायानं किंचित लंगडत, पण स्वतःच्या पायांनी चालत त्याच्यासमोर आली आणि मान मागे टाकून त्याला पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं.

"तुमीच ना ते?"

"व्हय," सोनवणे म्हणाला.

"माझी एक चप्पल तिथंच राहिली."

दोन महिने त्यानं स्वतःला नाही नाही ते प्रश्न विचारले होते. हा एक त्यात नव्हता. आई कानकोंडी होऊन म्हणाली, "आगं, पाया पड त्यांच्या." मुलगी म्हणाली, "पन चप्पल?" बापू खो खो हसायला लागले. तिचा बाप हसला, मी हसले, आणि सोनवणे हसतोय की रडतोय हे त्याच्या तोंडावरून कुणालाही सांगता आलं नसतं. "चल," तो म्हणाला, "घिऊ."

चपलांचं दुकान दोन ओळी सोडून होतं. मुलगी पुढे चालत होती, सोनवणे मागे. तो तिच्या पाठीकडे बघत चालत होता, दुसरीकडे नजरच नेत नव्हता. दुकानदारानं खाली मांडलेल्या चपला तिनं एका नजरेत नापास केल्या. तिला वरच्या दोरीला टांगलेल्या हव्या होत्या.

"त्या वरच्या. मला नीट दिसंनात." तिनं दोन्ही हात वर केले. "उचला की."

सोनवणेचे हात जागच्या जागी ताठ झाले. त्यानं वळून बापूंकडे पाहिलं. बापूंकडे प्रत्येक प्रसंगाला काहीतरी वाक्य तयार असायचं, म्हणून मीही त्यांच्याकडेच पाहिलं. पण ते चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसत होते आणि त्यांना काहीच दिसत नव्हतं. मुलगी हात वर करून तशीच उभी होती. मोठी माणसं उचलतात, यात तिला शंका नव्हती.

सोनवणे खाली वाकला. एक हात तिच्या पाठीमागे घातला, एक गुडघ्यांखाली, आणि तिला वर घेतलं. ती आरामात त्याच्या खांद्याला टेकली आणि एकेक चप्पल हातानं फिरवून बघायला लागली. लाल बघितली. निळी बघितली. परत लाल. मधेच तिनं त्याच्याकडे वळून बजावलं, "थांबा हां, खाली नका ठिवू."

"नाय ठेवत," सोनवणे म्हणाला. "बघ तू निवांत."